नव्या टायरचे केस

मुर्तझाभाई आधी चहा सांगतात, मग विचारतात,
"ताई, खरं बोला. डांबर किती, माती किती?"
मी म्हणते, निम्मं-निम्मं.
ते जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसतात,
खाचेत रुपया उभा धरतात.
रुपया बुडत नाही.
"मातीत झिजलेल्या टायरला कापे असतात, ओरखडे असतात.
हा तर डांबरानं पुसलाय. पाटी पुसावी तसा."

नाना पेठेत भर दुपारी
असं कुणी आपलं वर्ष उघडं करून दाखवतं.

खरंच, कुठे जाते मी?
वारज्याहून मार्केट यार्ड, तिथून कोथरूड,
मधाच्या बाटल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवत.
"साखर तर नाही ना घातली?" हे प्रत्येक दारात.
सोसायट्यांचे गतिरोधक, तेवढाच डोंगर.

पण मग त्या पंधरा रात्री उरतात.
केळदच्या अलीकडे, अकरा वाजून गेलेले,
मागे चोवीस पेट्या, तोंडांना जाळी बांधलेली,
सातेरी आत दाटीनं बसलेल्या,
आणि चाक जागच्या जागी फिरतंय,
लाल चिखल दारापर्यंत उडवत.
त्या रात्रींचे टक्के कसे काढायचे, भाई?

ते पहिला टायर पुढे लोळवतात.
जाड गाठी, मधे बोट जाईल एवढी फट.
मी हात फिरवते, आणि विकत घेतलाच म्हणून समजा.
"चिखलात राजा. पण रस्त्यावर गुणगुणेल हां, भुंग्यासारखा."
माझ्याकडे आधीच दोन लाख गुणगुणतात, मी म्हणते,
आणि म्हणतानाच आठवते दिराची पिकअप:
असलेच टायर, पौडपासून वेल्ह्यापर्यंत ती घरघर.
उतरवून पाहिलं तर माश्या जाळी चावत होत्या.
दोन राण्या गेल्या. मी हात काढून घेते.

दुसरा गुळगुळीत, गप्प, स्वस्त.
इस्त्रीच्या पॅन्टसारखा.
त्यानं मला काही न बोलता आजी म्हटलं.

तिसरा मधला.
दोन्हीकडच्या पंगतीत जेवणारा,
कुणाच्याच लग्नात न नाचणारा.
लहानपणापासून मला असली माणसं आवडली नाहीत.
हाच घ्यावा लागणार, हे चहा संपायच्या आत कळलं होतं.

"जन्मतारीख बघून घ्या," भाई कडेचे चार आकडे दाखवतात,
आठवडा आणि साल.
गोडाऊनला तीन वर्षं पडलेला बाराशेनं कमी,
ताजा हवा तर पूर्ण पैसे.
"आणि खाचा शिल्लक असल्या तरी सहा वर्षांवर नको.
रबर आतून म्हातारं होतं, वरून कळत नाही."

मी बोटांवर मोजते.
कारवी मागच्या वर्षी फुलून गेली. आता सात वर्षांनी.
जुने टायर तिच्यापर्यंत गेले होते,
अख्खा उतार जांभळा, पेट्या जड होत चाललेल्या.
या पाचांना ती दिसायची नाही.
मला दिसेल बहुतेक. तेव्हा मी चौसष्टची.
ताजेच द्या, मी म्हणते.

स्टेपनीवरून थोडी हुज्जत होते, व्हायलाच हवी.
इद्रिस जुनी चाकं उतरवतो,
स्क्रूड्रायव्हरनं खाचेतला एक खडा उचकटतो,
फेकणार, तेवढ्यात मी हात पुढे करते.
का ते मलाही सांगता आलं नसतं.
साधा खडा. सुट्या पैशांत टाकला.

नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात.
पेटीतून नुकत्या निघालेल्या माशीलाही असतात, अंगभर.
उडून उडून ते झडतात,
म्हातारी माशी काळी, चकचकीत, टकली होते
आणि सगळ्यात लांबचं फूल तिलाच ठाऊक असतं.

स्वारगेटच्या सिग्नलला मी खिडकीतून वाकून पाहिलं.
निम्मे केस तिथवरच गेले होते.
मागच्यानं हॉर्न दिला.